माळेला माझी ना नाही

हिराबाई सरगरांच्या फोनातली शालन खऱ्या शालनपेक्षा फार गोड बोलायची.

खरी शालन वाघमोडे म्हणजे भोजलिंगपूरच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका. बावीस वर्षं नोकरी, आवाज फाटका, जीभ तिखट. लसीचा दिवस चुकवणाऱ्या आईला ती भर रस्त्यात झापायची आणि मग तिचंच पोर स्वतःच्या कडेवर घेऊन उपकेंद्रापर्यंत चालायची. गावानं तिला बावीस वर्षं नावं ठेवली आणि बावीस वर्षं तिचंच ऐकलं. फोनातली शालन कुणाला झापत नव्हती. ती मावशीच्या गुडघ्याची विचारपूस करायची, नातवाच्या परीक्षेची आठवण ठेवायची, आणि निरोप संपताना 'स्वतःला जपा बरं का' म्हणायची. खऱ्या शालननं जन्मात कुणाला 'जपा बरं का' म्हटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याला लोकांच्या फोनात शिरायचं होतं. तसं ते शिरलेलंच होतं. प्रत्येक सिस्टरचा, प्रत्येक आशाताईचा गावाचा गट होताच आणि शालनचा गट तर जिल्ह्यात नावाजलेला. कसली अफवा उठली की ही चुलीपुढं बसून एका दमात आवाजी निरोप टाकायची, "कोण म्हणतंय लशीनं पोरं लुळी पडतात? त्याला माझ्याकडं पाठवा, मी बघते त्याच्याकडं," आणि अर्ध्या तासात गावभर तो वाजायचा. असे सहा वर्षांतले अकरा हजार निरोप खात्यानं उचलले आणि यंत्राला चारले. यंत्राचं नाव ठेवलं स्वरसाथी. शालननं संमतीची सही केली तेव्हा तिला गुदगुल्याच झाल्या होत्या. आपला फाटका आवाज सरकारला हवासा वाटला, हे काय थोडं झालं?

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. ते आधी माणसाचा आवाज शिकतं, म्हणजे ही कुठं श्वास घेते, कुठं 'अगं बाई' म्हणते, कुठं खाकरते. मग त्याच आवाजात नवी वाक्यं बोलतं. इथवर जुनीच गंमत. नवी गोष्ट पुढं होती. स्वरसाथी तीन हजार घरांना एकच निरोप पाठवत नसे. घरानं उलट जे सांगितलं त्याला धरून प्रत्येक घराला वेगळा पाठवी. आणि त्या घरानं तो शेवटपर्यंत ऐकला का, मध्येच तोडला का, पुढं धाडला का, अंगठा दिला का, की वैतागून गटच सोडला, हे सगळं टिपून ठेवी. ज्या वाक्याला लोक फोन बंद करतात ते पुढच्या खेपेला थोडं मऊ व्हायचं. तरी बंद केलाच तर आणखी मऊ, आणि शेवटी ते गाळूनच टाकायचं. पानवाला गिऱ्हाइकाचं तोंड ओळखून चुना कमी-जास्त करतो, तसंच. पण पानवाल्याला चुना काय करतो ते ठाऊक असतं. यंत्राला आजार काय करतो ते ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच शिकवलं होतं की माणूस ऐकत राहिला पाहिजे.

आणि माणूस ऐकतोच आहे म्हटल्यावर खात्यानं दुसरं शहाणपण केलं. आवाज घरोघर पोहोचतोय, तर पाय कशाला पोहोचवायचे? शालनच्या घरभेटी निम्म्यावर आणल्या आणि आणखी दोन गावं तिच्या गळ्यात मारली.

म्हणून जानेवारीत भोजलिंगपुरात कावीळ आली तेव्हा शालन शेजारच्या गावात पाण्याचे नमुने गोळा करत होती. परत आली ती सरळ सरगरांच्या घरी गेली. सरगरांची सून पूनम आठव्या महिन्यात होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शालननं कंदिलाच्या उजेडात जे पहिलं बाळंतपण केलं, त्यात जन्मलेली ही पोर. गावातच दिलेली. लग्नात करवलीच्या आधी शालनला मान मिळाला होता.

पूनम भर दुपारी झोपली होती. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा, आणि गळ्यात माळ.

काविळीची माळ त्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठवून इवलीशी माळ करतात आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. ती दिवसागणिक वाढते, गळ्यात उतरते, छातीवर येते. पायाशी पोहोचली की कावीळ उतरली. खरं तर तुकडे वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. पण हे बोलून कुणाची सासू ऐकते?

"कवापासनं?" शालननं विचारलं.

"झालं की नऊ दिस," हिराबाई म्हणाली. "काळजीचं काय न्हाई बघा. माळ गळ्यापातुर आली."

"नऊ दिस? आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

हिराबाई तिच्याकडं बघतच राहिली. "आवं, तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? रोज सकाळी तुमीच इचारताय की. तुमीच म्हनला काय हुत न्हाई म्हणून."

तिनं फोन काढून कानाशी न लावता मोठ्यानं लावला. शालनचाच आवाज. "हिरामावशी, घाबरू नका. माळेला माझी ना नाही. पाणी उकळून द्या, तेलकट देऊ नका, पोरीला झोपू द्या. तुमच्यासारखी सासू असल्यावर मला कसली काळजी? जपा बरं का."

माळेचं ते वाक्य खरोखरच शालनचं होतं. बावीस वर्षांत तिनं ते हजार वेळा म्हटलं असेल. माळेवरून म्हाताऱ्यांशी भांडण्यात अर्थ नाही, हे ती फार लवकर शिकली होती. भांडलं की दार बंद होतं आणि रोगी आतच राहतो. म्हणून तिनं आपली एक युक्ती काढली होती. दारात उभं राहून आधी म्हणायचं, "माळेला माझी ना नाही." सासू खूश झाली, पाणी विचारायला वळली, की लगेच, त्याच श्वासात, "पण आधी रक्त!" आणि सुई बाहेर. एक शब्द माळेचा, एक रक्ताचा. या युक्तीनं तिनं किती जणांना दवाखान्यात पोहोचवलं होतं. यंत्रानं पहिला शब्द ठेवला होता आणि दुसरा खाल्ला होता.

"पूनम," तिनं हलवलं. "ए पूनम. मी कोण हाय? ओळख बरं."

पूनमनं डोळे किलकिले केले. "आई, गाय सुटली," असं काहीसं म्हणाली आणि पुन्हा झापड.

प्रयोगशाळेनं या काविळीचं नाव दोनच दिवसांपूर्वी कळवलं होतं: ई प्रकारची. गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं की होते. धडधाकट माणूस तीन-चार आठवडे पिवळा होऊन, अन्नावरची वासना जाऊन, आपोआप बरा होतो. माळेची पत वाढली ती त्यामुळंच. बहुतेक जण बरे होणारच आणि श्रेय माळेला. पण हाच विषाणू शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला गाठतो तेव्हा यकृत बघता बघता हात टेकतं, रक्त गोठेनासं होतं, मेंदूवर झापड येते. अशा शंभर जणींतल्या पंधरा-वीस जातात. असं का होतं, ते शास्त्रालाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण लवकर दवाखान्यात आणली तर जगण्याची आशा जास्त, एवढं नक्की. आणि पूनमचे नऊ दिवस गेले होते.

शालननं रुग्णवाहिका बोलावली, पूनमला स्वतः उचलून घातलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल केलं, आणि तिथून जी निघाली ती तडक माध्यम कक्षात शिरली.

कक्षाचे प्रमुख डॉक्टर मोहोळकर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्यांनी तिला बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला.

"वाघमोडे सिस्टर, तुमचं दुःख मला समजतं. पण हे बघा. संपूर्ण राज्यात तुमचा आवाज पहिला आहे. शंभरातले शहाण्णव लोक निरोप शेवटपर्यंत ऐकतात."

"ऐकतात, पण काय ऐकतात ते दाखवा," शालन म्हणाली. "सरगरांच्या घरचे काविळीचे निरोप काढा. पहिल्यापासून."

त्यांनी काढले. काविळीचा पहिला निरोप मागच्या मार्चमधला, तो पुरा होता: माळेला माझी ना नाही, पण आधी रक्त. हिराबाईनं तो 'रक्त' या शब्दाला तोडला होता. मेमध्ये झालं, रक्त तपासून घेतलंत तर बरं. तोही तोडला. ऑगस्टमध्ये, जमलं तर एकदा उपकेंद्रात या. दिवाळीनंतर नुसती माळ उरली. त्याला हिराबाईनं अंगठा दिला होता.

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही तर माझी जीभ कापली तुम्ही!"

"तसं नाही. बजावणारे निरोप लोक बंद करतात. एकदा बंद केले की आपलं काहीच पोहोचत नाही. निदान पाणी उकळा एवढं तर पोहोचतंय."

"साहेब, गावानं माझ्यावर बावीस वर्षं तोंड वाकडं केलं. मी बोलायची थांबले काय? लोकांना आवडावं म्हणून सिस्टर ठेवतात काय दारात? आवडायला तमाशातली बाई आहे मी?" मग ती टेबलावर वाकली. "माझ्या गावात आणखी नऊ जणी पोटुशा आहेत. त्यातल्या कितींना कावीळ आहे मला माहीत नाही, कारण माझा आवाज त्यांना गप्प बसवून ठेवतोय. हे आत्ताच्या आत्ता बंद करा."

"एका गावापुरतं बंद होत नाही. राज्यस्तरीय समिती आहे, सतरा तारखेला बैठक..."

"आज पाच आहे."

मोहोळकरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना तोडगा सुचला, आणि तो त्यांनी मनापासून दिला. "तुम्ही स्वतः इशारा बोला. इथंच, आत्ता. मी तातडीचा शिक्का मारतो. तासाभरात घरोघर जाईल."

शालननं बोलून दिलं. गळ्याच्या शिरा ताणून. पोटुशी बाई पिवळी दिसली तर माळ, मंत्र, उतारा सगळं सोडा, त्याच दिवशी दवाखान्यात आणा, नाहीतर ती मरेल. 'मरेल' हा शब्द तिनं तीनदा म्हटला.

परतीच्या एसटीत तिला पूनमच्या नवऱ्याचा फोन आला. बाळ पोटातच गेलं होतं. ती तशीच दवाखान्याकडं मागं फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पूनमही गेली. एकवीस वर्षांची पोर. शालन त्या वेळी वार्डाच्या दारात उभी होती आणि तिला रडूसुद्धा आलं नाही, इतकी ती संतापलेली होती.

संध्याकाळी ती गावात उतरली तेव्हा आशाताई रेश्मा शिकलगार तिची वाट बघत स्टँडवर थांबली होती. तिच्या हातात दोन फोन होते, एक स्वतःचा, एक जावेचा. जाऊ सहाव्या महिन्यात होती.

"सिस्टर, तुमचा इशारा आलाय. ऐका," रेश्मा म्हणाली आणि आधी स्वतःचा फोन लावला.

"रेश्माताई, गावात कावीळ आहे. गरोदर बायकांकडं लक्ष असू द्या. तुमच्यासारखी आशा असताना..."

मग जावेचा. "ताई, काही लोक उगाच घाबरवतात. मन प्रसन्न ठेवा. बाळासाठी ते फार गरजेचं आहे. जपा बरं का."

तीनदा म्हटलेला 'मरेल' कुठंच नव्हता. तिचा खरा, ओरडलेला इशाराही त्याच चाळणीतून गेला होता. मोहोळकरांनी शिक्का प्रामाणिकपणे मारला होता. फक्त ती चाळणी शिक्क्यानंतर बसते, हे कक्षाच्या प्रमुखालाच ठाऊक नव्हतं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं; आणि पिठाची गोडी बघून साहेब बक्षीस देतात.

दोघी मिळून घरोघर निघाल्या. रेश्माची जाऊ तर आईकडच्यांना विचारल्याशिवाय हलायला तयार नव्हती. पुढच्या घरी सासऱ्यानं दार अर्धंच उघडलं.

"सकाळीच तर तुम्ही म्हणाला, मन प्रसन्न ठेवा. आता रातीच्या आत दवाखाना? साहेबाशी भांडण झालंय म्हणं तुमचं."

"दादा, ते यंत्र बोलतंय. मी न्हाई."

"यंत्र? आवं, ती बाई माझ्या गुडघ्याची रोज चौकशी करती. तुम्ही बावीस वर्षांत कधी केली का? यंत्र तुम्हालाच म्हणायला पायजे."

त्याच्या बायकोला हसू आलं. आत पलंगावर सून बसलेली शालनला दिसत होती, आणि दिव्याच्या उजेडात तिचे डोळे पिवळे आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. तिसऱ्या घरी, चौथ्या घरी तेच. जी बाई दारात येऊन ओरडते ती खोटी, आणि जी फोनात गोंजारते ती खरी, हे गावाचं ठरून गेलं होतं. आणि लोकांना तरी काय दोष द्यायचा? तो आवाज तिचाच होता. त्यावरचा विश्वासही तिनंच मिळवलेला, एकेक बाळंतपण करून, एकेक लस टोचून. त्या विश्वासावर उभं राहून ते यंत्र बायका मारत होतं.

शेवटी दोघी रेश्माच्या ओट्यावर येऊन बसल्या. शालन म्हणाली, "यंत्र मला बंद करता येत न्हाई. पर शालन वाघमोडे बंद करता येती."

"म्हंजे?" रेश्मानं विचारलं.

"उद्या सकाळी घंटागाडी कितीला निघती?"

घंटागाडी सातला निघाली. नगरपंचायतीची कचऱ्याची गाडी, टपावर भोंगा, त्यातून रोज स्वच्छतेचं गाणं वाजायचं. त्या दिवशी गाणं वाजलं नाही. ड्रायव्हर तोडकरच्या शेजारी शालन बसली होती आणि माइक तिच्या हातात होता. भोंग्याला कुणाची आवड-निवड टिपता येत नव्हती. तो सगळ्या गल्लीला एकच बोलायचा.

"मी शालन वाघमोडे बोलतीया. सरगरांची पूनम मेली. तिच्या पोटातलं लेकरू मेलं. त्यांना मी मारलं. नऊ दिस मी तिच्या सासूला सांगत हुते, काय हुत न्हाई, माळ घाला. मला सगळं ठाऊक हुतं आन् मी खोटं बोलले. शालन वाघमोडे खोटारडी हाय. तिचा आवाज फोनात आला तर फोन बंद करा. तिच्या गटातनं बाहेर पडा. तिचं ऐकलं तर तुमची सून मरंल. पोटुशी बाई पिवळी दिसली तर कुणी काय बी सांगू दे, मोठ्या दवाखान्यात न्या. शालन नको म्हणंल. तिच्या मुस्काटात मारा आन् न्या."

तोडकरनं गाडी थांबवली. त्याच्या दोन्ही पोरी तिच्याच हातच्या. "बाई, असलं नगा बोलू. आमास्नी म्हाईत हाय की..."

"काय म्हाईत न्हाई तुला. गाडी चालव."

पहिल्या गल्लीत लोक नुसते बघत राहिले. दुसरीत एका म्हातारीनं 'आई गं' म्हणून तोंडावर पदर घेतला. मारुतीच्या पारापाशी शिव्या सुरू झाल्या आणि बाजारपेठेत कुणीतरी सडका टोमॅटो मारला. शालन तेच तेच बोलत राहिली. यंत्राचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. कालच्या दारोदार फिरण्यानं तिला एवढं शिकवलं होतं की यंत्र म्हटलं की लोकांना दोन शालन दिसतात, आणि दोघींतली गोड तीच ते निवडतात. म्हणून दोघींनाही एकाच खड्ड्यात पुरायला हवं होतं.

सरगरांच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा हिराबाई आडवी आली. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. तिनं गाडीचं दार उघडून शालनचा दंड धरला आणि तिला खाली ओढलं.

"खरं बोलतीस? तुला ठावं हुतं?"

शालनला खरं सांगता आलं असतं. मावशी, तो निरोप माझा नव्हता. मी असते तर पहिल्याच दिवशी रक्त काढलं असतं. हिराबाई म्हातारी असली तरी समंजस होती, तिनं कदाचित मानलंही असतं. आणि मग ओट्याओट्यावरून बघणाऱ्या बायकांनी सुस्कारा सोडून म्हटलं असतं, बघा, आपली शालन तशी नाहीच. आणि पुन्हा फोन कानाला लावला असता.

"व्हय मावशी," शालन म्हणाली. "ठावं हुतं."

हिराबाईनं तिच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा. "माझी पोर खाल्लीस की गं! तुझ्या हातनं जन्मलेली. तिला बी न्हाई सोडलीस?" मग ती जशी आली तशी वळली आणि समोरच्या दारावर थापा मारू लागली. "ए सखू, भायेर काढ तुझ्या सुनंला! डोळं बघू दे मला! ह्या सटवीच्या नादी लागून माझं घर बसलं, तुझं बसायला पायजे व्हय?"

शालननं बावीस वर्षांत जे केलं नसेल ते हिराबाईनं तासाभरात केलं. ती दारात विनवण्या करत नव्हती, आत घुसत होती. सुनांना हाताला धरून बाहेर आणत होती, उजेडात त्यांच्या पापण्या ओढून बघत होती, आणि कुणी 'पण सिस्टर तर म्हणाल्या' असं तोंडातून काढलं की तिच्या अंगावर जात होती. कुणीतरी टेम्पो आणला. रेश्माची जाऊ आईला न विचारता चढली. गुडघेवाल्या म्हाताऱ्याची सून चढली, तिचे डोळे उजेडात चांगलेच पिवळे होते, आणि म्हातारा स्वतः तिची पिशवी धरून मागं बसला.

दहाच्या सुमाराला मोहोळकरांचा फोन आला.

"सिस्टर, काय करून बसलात? दोन हजार सहाशे लोक गटातून बाहेर पडलेत! गावाचा विश्वास शून्यावर आलाय. बावीस वर्षांची कमाई घालवलीत तुम्ही. निलंबनाचा कागद काढावा लागेल मला, कळतंय का?"

"आठ जणी दवाखान्याच्या वाटेवर आहेत," शालन म्हणाली. "त्यांचं रक्त घ्यायला माणूस उभा करा. कागद सावकाश काढा."

नवव्या बाईच्या दारात ती उभी होती. सासूनं तिला पाहिलं आणि आतूनच कडी लावली.

"हितं पाय ठिवू नगंस! तुझं एक अक्षर ऐकायचं न्हाई आमाला!"

"नका ऐकू," शालन ओरडली. "पर पोरीला न्या!"

"नेणारच हाय! हिराबाई येतीया न्यायला. तू आधी ओट्यावरनं हल!"

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वळत होता. शालन ओट्यावरून उतरली आणि वाट मोकळी करायला भिंतीला लागून उभी राहिली.